सहावी ते आठवीच्या विषयांत पर्यावरण शिक्षण कसे गुंफावे: गोव्यातील शिक्षकांसाठी मार्गदर्शन

शाळेच्या प्रत्येक टप्प्यावर पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे असावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला आणि २००३ साली त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पुन्हा बजावले. तेव्हापासून पर्यावरण शाळेत आले हे खरे. पण बहुतेक ठिकाणी ते पाच जूनच्या रोपलागवडीपुरते, भित्तिपत्रकांच्या स्पर्धेपुरते आणि विज्ञानाच्या पुस्तकातील शेवटच्या दोन प्रकरणांपुरते राहिले. ही प्रकरणे मार्चमध्ये घाईघाईने उरकली जातात, हे कोणत्याही शिक्षक-कक्षात सहज मान्य होईल. याला शिक्षकांचा आळस कारणीभूत नाही. पर्यावरण म्हणजे आधीच भरलेल्या वेळापत्रकावर ठेवलेले आणखी एक ओझे, अशी त्याची मांडणी झाली आहे आणि मुख्य कारण तेच आहे.

या लेखात सुचवलेली पद्धत अगदी साधी आहे. शाळेपासून पायी जाता येईल अशी एकच जागा निवडावी, वर्षभर तीच ठेवावी, आणि विज्ञान, गणित, सामाजिक शास्त्र व भाषा या विषयांचे जे घटक तसेही शिकवायचेच आहेत, त्यांची उदाहरणे, आकडेमोड आणि लेखन त्या जागेवरून घ्यावे. असे केल्यास वेगळा तास लागत नाही, वेगळे पुस्तकही लागत नाही. जे लागते ते शाळा सुरू होण्यापूर्वीचे नियोजन.

जागेची निवड

जागा निवडताना ती सुंदर किंवा प्रसिद्ध असण्याची काहीही गरज नाही. ती पंधरा-वीस मिनिटांत पायी गाठता यावी, तेथे पाण्याचा किंवा मातीचा काही बदल ऋतूनुसार दिसावा, आणि तेथे काम करणारी माणसे मुलांशी बोलण्यास तयार असावीत, एवढे पुरे. तिसवाडी, बार्देश किंवा सासष्टीतील अनेक शाळांच्या जवळ खाजन शेती, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल शेती, असते. सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांत कुळागर (सुपारी-नारळाची बाग), व्हाळ (ओढा) किंवा देवराई सापडते. किनारपट्टीवर वाळूचे टेकाड किंवा मच्छीमारांचा धक्का असतो. फोंडा परिसरात तळी आणि पाट आहेत. कुडचडे-सावर्डेच्या शाळांना नंदा तळे जवळ आहे, आणि ते २०२२ साली रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेलेले गोव्यातील पहिले पाणथळ क्षेत्र आहे. शहरातील शाळेजवळ यांपैकी काहीच नसेल तर नाला, बाजार किंवा शाळेची स्वतःची विहीर चालते. पणजीतील एखाद्या शाळेने मासळी बाजार निवडला, तर जून-जुलैमधील एकसष्ट दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी, त्या काळातील भाव आणि बाजारात येणाऱ्या माशांचे प्रकार एवढ्यावर वर्षभर पुरेल इतका अभ्यास होतो.

सडा निवडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जांभ्या दगडाचे हे पठार उन्हाळ्यात ओसाड दिसते म्हणून तेथे झाडे लावण्याचा मोह होतो, आणि गोव्यात अशा सड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्याचे उद्योग पूर्वी पुष्कळ झाले आहेत. प्रत्यक्षात पावसाळ्यात त्याच खडकावरच्या जेमतेम बोटभर मातीत कीटकभक्षी वनस्पतींसह असंख्य छोटी फुलझाडे उगवतात आणि पाणी खाली झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना मिळते. सड्यावर रोपे लावण्याऐवजी त्याचा एक चौरस मीटर तुकडा आखून जून ते ऑक्टोबरपर्यंत दर पंधरवड्याला त्यात काय उगवले याची नोंद करणे, हे विज्ञान म्हणूनही अधिक सकस आहे आणि सड्याच्या दृष्टीनेही अधिक भले आहे.

नियोजनाचा तक्ता

जागा ठरली की तिन्ही इयत्तांची पुस्तके समोर घेऊन बसावे. विषयशिक्षकांची एक बैठक पुरते, परंतु ती वार्षिक नियोजन मुख्याध्यापकांकडे जाण्यापूर्वी व्हायला हवी. अलीकडे गोव्यात सहावीपासूनच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले आहे. एप्रिलचे ते दिवस यासाठी सोयीचे आहेत, कारण पावसापूर्वीची कोरडी स्थिती मुलांना पाहता येते आणि पुढे जूनमध्ये तुलनेला आधार मिळतो.

एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला महिने आणि वर विषय लिहावेत. प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात शिकवायचा घटक प्रथम लिहावा आणि मगच विचारावे की या घटकाचे एखादे उदाहरण आपल्या जागेवर आहे का. हा क्रम उलटा करू नये. आधी पर्यावरणाचा उपक्रम ठरवून नंतर त्याला एखादा पाठ चिकटवला, तर तो उपक्रम दुसऱ्या वर्षी गळून पडतो. कित्येक चौकटी रिकाम्या राहतील, आणि तसेच असावे. अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना ओढून-ताणून झाडे मोजायला लावण्यात अर्थ नाही.

जुळणारे घटक मात्र अपेक्षेपेक्षा जास्त निघतात. सहावीच्या विज्ञानात सजीवांची विविधता, तापमानाचे मापन, पाण्याच्या अवस्था आणि पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धती आहेत. सातवीत आम्ल आणि आम्लारी आहेत. त्यासाठी लागणारा दर्शक गोव्याच्या प्रत्येक स्वयंपाकघरात हळदीच्या आणि कोकमाच्या रूपाने असतो, आणि जांभ्याची माती बहुधा आम्लधर्मी असल्याने तपासणीला काहीतरी हाती लागते. सातवीतच उष्णतेचे वहन आणि समुद्रावरून येणारे वारे आहेत. आठवीत दाब, वारे आणि वादळे येतात. गणितात सरासरी, स्तंभालेख, गुणोत्तर, क्षेत्रफळ आणि घनफळ, भूगोलात नकाशा व प्रमाण, नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत आणि तिची कामे आहेत. पहिल्या वर्षी सगळ्या शाळेला यात ओढू नये. सहावीचा एक वर्ग आणि दोन इच्छुक शिक्षक एवढ्यावर सुरुवात केलेली बरी, कारण नाखूश सहकाऱ्यावर लादलेला उपक्रम फाइलीत छान आणि वर्गात निर्जीव होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते बहुतेक शाळा हस्तकलेसाठी आणि सहलीसाठी वापरतात. त्यांपैकी चार दिवस तरी निवडलेल्या जागेसाठी राखून ठेवावेत, म्हणजे क्षेत्रभेटींना वेगळी रजा मागावी लागत नाही.

खाजनातील एक धडा, सविस्तर

पद्धत कशी चालते हे दाखवण्यासाठी एकच जागा नीट उलगडून पाहू. खाजन म्हणजे खाडीच्या काठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. बांधात एके ठिकाणी मानस असते. मानशीची लाकडी दारे भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतले पाणी उंच राहिल्याने तेच दार बाहेरच्या बाजूला उघडून शेतातले जादा पाणी खाडीत जाते. मानशीच्या आतल्या अंगाला असलेल्या खोल पाण्याला पोंय म्हणतात. तेथे मासे आणि कोळंबी अडकतात आणि ती पकडण्याच्या हक्काचा लिलाव होतो.

आठवीच्या विज्ञानशिक्षकाला द्रवाचा दाब शिकवताना याहून चांगले उपकरण मिळणार नाही. दार एक मीटर रुंद आहे आणि बाहेरचे पाणी दाराच्या तळापासून एक मीटर उंच चढले आहे, असे धरा. तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक हजार किलोग्रॅम वजनाइतका दाब पडतो आणि पृष्ठभागाशी शून्य, म्हणजे सरासरी पाचशे; एवढ्या रेट्याने ते दार मिटलेले राहते. पाणी दोन मीटर झाले तर रेटा दुप्पट होतो की चौपट, हा प्रश्न फळ्यावर लिहून सोडून द्यावा. बहुतेक मुले दुप्पट म्हणतील. खोलीबरोबर सरासरी दाबही वाढतो आणि पाण्याला भिडलेले दाराचे क्षेत्रफळही वाढते, म्हणून उत्तर चौपट येते, आणि ते त्यांनी स्वतः मांडून काढले की बांध उधाणालाच का फुटतो हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यानंतर भेटीच्या दिवशी आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी खुणा केलेल्या काठीने दर अर्ध्या तासाला मोजावी आणि दार कोणत्या क्षणी हलते ते टिपावे.

भेटीची वेळ ठरवणे हाच मुळी एक पाठ आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. सातवीच्या गणिताच्या तासाला मुलांना आजच्या भरतीची वेळ द्यावी आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता दार उघडे असेल की मिटलेले, याचा अंदाज लिहायला लावावा. खाडीकाठच्या घरांतील काही मुलांना हे हिशेबाशिवाय ठाऊक असते, आणि एरवी वर्गात मागे बसणारा एखादा मुलगा त्या दिवशी पुढे येतो. शिक्षकाने ते ज्ञान वहीत येऊ द्यावे, त्याचा स्रोत म्हणून त्या मुलाच्या घरच्यांचा उल्लेख करावा, आणि आकड्यांशी पडताळूनही पाहावे.

सामाजिक शास्त्रासाठी येथे भरपूर सामग्री आहे. बांध कोण राखत होते, आज कोण राखते, या प्रश्नाचा धागा गावकारीपासून, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेपासून, सुरू होऊन १९६४ च्या कूळ कायद्यापर्यंत आणि त्यानंतर स्थापन झालेल्या कूळ संघटनांपर्यंत जातो. मुक्तीनंतरचा गोवा हा इतिहासाच्या पुस्तकात दोन परिच्छेदांत संपतो. बांधावर उभे राहून एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची मुलाखत घेतली तर तो काळ माणसांच्या तोंडून कळतो. बांध फुटल्यावर काय होते, कोठे तो मुद्दाम फोडून शेताचे मत्स्यतळे केले जाते, खारे पाणी साचल्यावर खारफुटी शेतात कशी शिरते, हे मुलांनी विचारावे. कोरगुट, आसगो यांसारखी खारे पाणी सोसणारी भाताची वाणे अजून कोणी पेरते का, हे विचारायलाही विसरू नये.

मुलाखतीची तयारी भाषेच्या तासाला करावी. प्रश्न आधी लिहून काढणे, ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तरावर संपणारे प्रश्न वगळणे, ऐकलेले जसेच्या तसे टिपणे आणि मग त्याचा अहवाल करणे, हे सारे भाषाशिक्षणाचेच काम आहे. गोव्यातील पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमात जातात आणि त्यांच्या घरी कोंकणी बोलली जाते. अशा मुलांकडून जागेवरची टिपणे ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत घ्यावीत, सविस्तर अहवाल मराठीच्या तासाला मराठीत लिहून घ्यावा, आणि विज्ञानाच्या वहीत इंग्रजीत फक्त तक्ता, आकृती व चार-पाच वाक्यांचा निष्कर्ष मागावा. इंग्रजीच्या अडचणीमुळे निरीक्षणच थांबले, असे होऊ देऊ नये.

पाऊस आणि विहीर

ज्यांना क्षेत्रभेट जमत नाही त्यांनी शाळेच्या आवारात हे तरी करावे. सरळ बाजूंची, सपाट तळाची पारदर्शक बाटली घेऊन तिचा वरचा भाग कापून उलटा बसवला की पर्जन्यमापक होतो. तळ सपाट नसेल तर थोडे खडे आणि पाणी घालून तेथून शून्याची रेघ आखावी. तोंड आणि अंग एकाच व्यासाचे असले पाहिजे, नाहीतर मोजणी चुकते. ती का चुकते, हाही सहावीच्या मुलांना घालण्यासारखा प्रश्न आहे. हवामान खाते रोज सकाळी साडेआठ वाजता पाऊस मोजते, म्हणून शाळेनेही तीच वेळ धरावी. त्यामुळे पणजीतील आल्तिनोच्या वेधशाळेच्या आकड्यांशी तुलना करता येते. वाळपई किंवा सांगे भागातील आकडे किनाऱ्यापेक्षा बहुधा मोठे येतील आणि त्यातून सह्याद्री पाऊस कसा अडवतो हा भूगोलाचा धडा आपसूक सुरू होईल.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे छप्पर तीनशे चौरस मीटरचे असेल तर वर्षाला नऊ लाख लिटर पाणी त्यावर पडते, आणि काही भाग उडून-सांडून गेला असे धरून ऐंशी टक्के हिशेबात घेतले तरी सात लाख वीस हजार लिटर उरते. मुलांनी छप्पर स्वतः मोजावे, शाळेचा रोजचा पाणीवापर टाकीच्या मापावरून काढावा, आणि एप्रिलमध्ये टँकर का येतो हे या दोन आकड्यांवरून सांगावे. त्यातून पुढचा प्रश्न निघतो की आपल्या नळाचे पाणी येते कोठून. तिसवाडी-फोंड्याला ते मुख्यत्वे खांडेपार नदीवरील ओपा प्रकल्पातून येते, दक्षिण गोव्याच्या मोठ्या भागाला साळावली धरणातून, आणि नदीच्या वरच्या अंगाला काय घडते याचा आपल्या नळाशी थेट संबंध आहे हे नकाशावर बोट फिरवले की दिसते. खांडेपार जिला मिळते त्या म्हादईचा उगम कर्नाटकात खानापूर तालुक्यात आहे आणि तिच्या पाण्याच्या वाटपाचा निवाडा लवादाने २०१८ साली दिला. आठवीच्या वर्गात यावर चर्चा अवश्य व्हावी, मात्र ती आधी नकाशा आणि आकडे हाती देऊन व्हावी, घोषणांवरून नव्हे.

विहिरीची पातळी मोजण्यास दोरी, वजन आणि कठड्यावरची एक कायम खूण एवढेच लागते. पंधरवड्यातून एकदा, शिक्षक जवळ असताना, आणि जाळी बसवलेल्या विहिरीवरच हे करावे. पर्जन्यमान आणि विहिरीची पातळी एकाच आलेखावर काढली की पाऊस थांबल्यावरही पाणी काही काळ टिकून का राहते आणि मग भराभर का उतरते, हे मुलांना दिसू लागते. ही रेघ पाचवीच्या मुलालाही वाचता येते.

माटोळी, पातोळ्या आणि कोपेल

जीवशास्त्रातील विविधतेचा घटक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेता आला तर चतुर्थीची माटोळी ही जिवंत प्रयोगशाळा मिळते. गणपतीच्या वर बांधलेल्या त्या चौकटीला नारळ, सुपारीचे कातरे, तोरिंग आणि आंबाड्यांबरोबर कांगले, घागऱ्या, कवंडळ अशी रानातली फळे लटकतात. प्रत्येक मुलाने आपल्या किंवा शेजारच्या घरच्या माटोळीतील वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: ती रानातून आणली, परसात पिकली की बाजारातून विकत घेतली, आणणाऱ्याने ती कोठून आणली, आणि आजी-आजोबांच्या लहानपणी ती कोठे मिळायची. नावे गावागणिक बदलतात, म्हणून चित्र किंवा छायाचित्र जोडणे आवश्यक आहे. वर्गातील सगळ्या याद्या एकत्र केल्या की रानातून येणारे किती आणि बाजारातून येणारे किती याचा स्तंभालेख तयार होतो, आणि त्या आलेखावर गावच्या रानाची स्थिती जितकी स्पष्ट दिसते तितकी कोणत्याही निबंधात दिसत नाही.

सण निवडताना वर्गातील सर्व घरांचा विचार करावा. चोवीस जूनच्या सांजावाला (संत जॉनच्या सणाला) डोक्यावर घालायचे कोपेल पावसाळी वेली-फुलांचे असते, आणि हळदीच्या पानांतल्या पातोळ्या हिंदू व ख्रिस्ती दोन्ही घरांत होतात. नव्या कणसांचा मान चतुर्थीच्या ‘नव्या’ला (नव्या धान्याच्या विधीला) असतो, तसाच ख्रिस्ती घरांतील कणसांच्या फेस्तालाही असतो. त्यामुळे एकाच तक्त्यात दोन्हीकडची माहिती भरता येते आणि कोणालाही बाहेर राहावे लागत नाही. पावसाळी रानभाज्यांची यादीही याच रीतीने करावी. टायकिळा, कुर्डू, तेरे यांची ओळख आई-आजीकडून घ्यावी. पण अळमी (रानटी अळंबी) मात्र मुलांना गोळा करायला सांगू नये. विषारी अळमी ओळखण्याचा धोका मुलांवर टाकणे योग्य नाही, आणि वारुळांवरची अळमी ओरबाडल्याने रानाचेही नुकसान होते.

वादाचे विषय टाळू नयेत

डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे तालुक्यांतील शिक्षकांसमोर खाणीचा प्रश्न येतोच. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या. ज्या वर्गात एका मुलाचे वडील ट्रकचालक आहेत, दुसऱ्याच्या घरी बार्ज होती आणि तिसऱ्याची विहीर आटली आहे, त्या वर्गात शिक्षकाने एक बाजू घेऊन बोलणे म्हणजे निम्म्या मुलांना गप्प करणे होय. त्याच वेळी हा विषय वगळणेही प्रामाणिकपणाचे नाही, कारण मुले घरी हेच ऐकत असतात.

माझ्या मते यातून मार्ग असा निघतो. प्रथम प्रक्रिया शिकवावी: लोहखनिज कसे बनते, खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेल्यावर पाणी का उपसावे लागते आणि त्याचा आसपासच्या विहिरींवर काय परिणाम होऊ शकतो, पावसात टाकाऊ मातीच्या ढिगांतून गाळ व्हाळात आणि शेतात कसा उतरतो. बाटलीत माती व पाणी ढवळून गाळ खाली बसायला किती वेळ लागतो हे सहावीच्या ‘पदार्थ वेगळे करणे’ या घटकातच करता येते. त्यानंतर मुलांनी घरातील मोठ्या माणसांना दोन्ही काळांविषयी विचारावे: खाण चालू असताना घरात काय चांगले होते, काय वाईट होते, आणि बंद झाल्यावर काय बदलले. उत्तरांचा तक्ता नावे न लिहिता वर्गात लावावा. शिक्षकाचे स्वतःचे मत कोणी विचारलेच तर ते तासाच्या शेवटी, मत म्हणून सांगावे. ‘मग आता काय करायला हवे’ या प्रश्नावर प्रत्येक मुलाने आपल्या विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा लिहिणे हा आठवीसाठी उत्तम लेखनाभ्यास आहे. किनाऱ्यावरील हॉटेले, विमानतळ, रस्त्यांचे रुंदीकरण या विषयांनाही हीच रीत लागू पडते.

परवानगी आणि सुरक्षितता

अभयारण्यात जायचे असेल तर वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी. खासगी शेतात, कुळागरात किंवा देवराईत जाताना मालकाला वा देवस्थानाला विचारावे आणि देवराईतले नियम पाळावेत. काही ठिकाणी चपला घालून जाणे किंवा पान तोडणे चालत नाही. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराच्या राईसारख्या ठिकाणी, जेथे दुर्मीळ जंगली जायफळाची दलदल टिकून आहे, मोठा वर्ग नेऊच नये. वाटेवरून, लहान गटाने पाहावे. मोरजी, आगोंद किंवा गालजीबाग येथे कासवांच्या घरट्यांजवळ जायचे तर वनखात्याच्या रक्षकांबरोबरच जावे, अंड्यांना किंवा पिलांना हात लावू नये आणि विजेरीचा झोत टाकू नये.

पावसाळ्यात शेतातील साचलेल्या पाण्यात उतरताना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुजन्य तापाचा) धोका असतो, म्हणून पायाला जखम असलेल्या मुलांनी बांधावरच थांबावे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीमुळे होतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात बळावतो, तेव्हा त्या भागातील रानभेटीपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घेणे बंधनकारकच समजावे. ऑक्टोबरच्या दुपारी सड्यावर विजेची भीती असते. पालकांची संमतिपत्रे, प्रथमोपचाराची पेटी आणि पंधरा मुलांमागे एक मोठा माणूस हे तर आलेच; पालक-शिक्षक संघाला आधीच सांगितले तर सोबतीला येणारे दोन-तीन पालक मिळतात आणि त्यांतला एखादा शेतकरी किंवा मच्छीमार असला तर तोच त्या दिवसाचा शिक्षक ठरतो.

गुण कसे द्यावेत

ज्याला गुण नाहीत ते मुले आणि पालक दोघेही गंभीरपणे घेत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून या कामाचे गुण त्या-त्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनातच धरावेत. पर्यावरणाचा वेगळा प्रकल्प करायला लावू नये. बाजारातून आणलेल्या चकचकीत चित्रांचा तो प्रकल्प बहुधा पालकच करतात.

तपासताना तीन गोष्टी पाहाव्यात. नोंद नियमित आणि तारखेसह आहे का, मोजमाप कसे घेतले हे लिहिले आहे का, आणि काढलेला निष्कर्ष त्या नोंदींवरूनच निघतो का. चित्रकला, सजावट आणि सुविचार यांना गुण देऊ नयेत. आकडा ‘चुकीचा’ आला म्हणून गुण कापू नयेत. पण तो खोडून पुस्तकातला लिहिला असेल तर अवश्य कापावेत. लेखी परीक्षेत असा किमान एक प्रश्न असावा ज्याचे उत्तर पुस्तकात नाही. उदाहरणार्थ: ‘आपल्या पर्जन्यमापकात जुलैच्या एका दिवशी एकशे दहा मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, पण विहिरीची पातळी त्या पंधरवड्यात जवळजवळ वाढलीच नाही. याची दोन संभाव्य कारणे लिहा आणि त्यांपैकी खरे कोणते हे शोधण्यासाठी काय मोजाल ते सांगा.’ किंवा: ‘मानशीचे दार सडून त्याला भोक पडले आहे. पुढच्या उधाणानंतर भातशेतीत काय बदल दिसतील?’ अशा प्रश्नांना एकाहून अधिक बरोबर उत्तरे असतात, म्हणून उत्तरपत्रिका तपासण्यापूर्वी विषयशिक्षकांनी मिळून मुद्दे ठरवून घ्यावेत.

कचऱ्याविषयी थोडक्यात. शाळेचा सुका कचरा आठवडाभर वेगळा ठेवून काट्याने तोलावा, प्रकारानुसार त्याचे वर्तुळालेख काढावेत आणि पंचायतीची गाडी तो पुढे कोठे नेते याचा माग साळगाव किंवा काकोड्याच्या प्रकल्पापर्यंत काढावा. हा उपक्रम सोपा आहे आणि सगळीकडे होतो. त्यावरच वर्ष संपवू नये एवढेच सुचवायचे आहे.

दुसऱ्या वर्षाची सोय

पहिल्या वर्षाच्या नोंदी दुसऱ्या वर्षी लागणार आहेत, हे गृहीत धरूनच वही ठेवावी. प्रत्येक वर्गाच्या सुट्या वह्यांऐवजी जागेची एक जाड बांधणीची वही असावी, तिच्यात दिनांक, वेळ, हवामान, मोजमाप आणि नोंद करणाऱ्या गटाचे नाव ठरलेल्या रकान्यांत यावे, आणि वर्षाच्या शेवटी सहावीच्या मुलांनी ती पुढच्या सहावीला पद्धत समजावून सांगून सोपवावी. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहावी म्हणून तिची नोंद ग्रंथालयाच्या दाखल-रजिस्टरमध्ये करावी.

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक-जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की मुलांनी माटोळीची यादी, विहिरीचे आलेख आणि पक्ष्यांच्या नोंदी घेऊन या समितीसमोर जावे. तत्पूर्वी संशयास्पद नोंदी शिक्षकांनी वेगळ्या कराव्यात: वनस्पतीची ओळख पक्की नसेल तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना नमुना किंवा छायाचित्र दाखवावे, आणि तरीही शंका राहिली तर त्या नोंदीसमोर प्रश्नचिन्ह तसेच ठेवून ती समितीकडे द्यावी. सादरीकरण आठवीच्या मुलांनी करावे आणि ग्रामसभेचा दिनांक पंचायत सचिवांकडून आधी विचारून घ्यावा, कारण नागरिकशास्त्रातील ग्रामसभेचा पाठ त्याच आठवड्यात ठेवता येतो.